अडतीस

शौचाचा नमुना, झाकण घट्ट लावून,
ओमोंडीच्या मोटरसायकलवर किसुमूला गेला,
मासळीच्या दोन टोपल्यांमध्ये, त्यांचाच बर्फ उसना घेऊन.
उत्तर तीन दिवसांनी.

तीन दिवस म्हणजे काय, हे कॉन्सोलाटाला सांगावं लागत नाही.
आधीची दोन मुलं तिनं तेवढ्यातच पुरली.
म्हणून याचं नाव ओविटी, टाकून दिलेला.
जन्मल्यावर वाटेच्या कडेला ठेवायचं
आणि शेजारणीनं "सापडला गं!" म्हणत उचलून आणायचं,
मरणाला चकवायची ही आमच्याकडची जुनी युक्ती.
मरण चकतंही कधीकधी.
जंतू मात्र नाव विचारत नाही.

पोट मोठं लबाड.
विषाणू असो की जीवाणू,
लंगोट तसाच भिजतो, डोळे तसेच खोल जातात.
पोटातलं ओठावर काही येत नाही.
मग मी रक्ताला विचारते.

रक्तालाही नाव ठाऊक नसतं.
ते भिंतीपलीकडची शेजारीण:
कोण आलं होतं ते तिनं पाहिलेलं नाही,
पण भांडी किती आपटली, ते बरोबर सांगते.
विषाणू असला तर बहुतेक नुसती कुजबुज,
पाच, सात, फार तर बारा.
जीवाणू आतडं कुरतडू लागला
की यकृत घाईघाईनं एक प्रथिन ओतत सुटतं,
आकडा कधी शंभरापार,
आणि ओचोला काही न बोलता कपाटाची किल्ली काढतात.

अनामिकेला टोचलं.
नाव नसलेल्या बोटातून
नाव नसलेल्याचा माग.
आधी मलेरियाची पट्टी, कारण या सरोवराकाठी
तोही वाहत्या पाण्यात हात धुऊन घेतो
आणि आकडा फुगवून ठेवतो.
एकच रेघ. मलेरिया नाही.
मग यंत्र. चार मिनिटं, बॅटरीवर;
वीज दुपारीच गेलेली.

अडतीस.

ताप नव्हे. ताप वेगळा लिहिला होता, वरच्या ओळीत.
अडतीस म्हणजे धड कुजबुज नाही, धड आरडाओरडा नाही.
अडतीस म्हणजे उंबऱ्यावर उभा माणूस,
आत येतोय की निघालाय, पाठीवरून कळत नाही.

"औषध द्या," कॉन्सोलाटा म्हणाली,
"लाल-पिवळी कॅप्सूल. बाजारात सुटी मिळते."
शेजारच्या खाटेवरची मुलगी, आकडा सहा,
संध्याकाळीच कॅप्सूलशिवाय घरी गेली होती, हसत.
ते हिनं पाहिलं होतं. त्यानं काय होतंय?
ओचोलांनी मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं, जस्ताची गोळी विरघळवली
आणि म्हणाले, आठ तासांनी पुन्हा रक्त.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी यंत्राची काच पुसत राहिले.
ती स्वच्छच होती.

चमचा. थांब. चमचा.
उलटी. थांब. पुन्हा चमचा.
रात्र अशीच मोजली तिनं, पातेलं संपेपर्यंत,
आणि मग दुसरं पातेलं.

पहाटे चारला लंगोटात लाल धागा दिसला.
त्याच अनामिकेला, दुसऱ्या बाजूनं, टोचलं.
या वेळी तो रडलासुद्धा नाही.
एक्याण्णव.
ओचोलांना किल्लीचं भोक पटकन सापडेना.

तिसऱ्या दिवशी ओमोंडी कागद घेऊन आला.
कागदावर नाव होतं: शिगेला.
तोवर ओविटी उठून बसला होता,
हनुवटीवर उजीची पेज, आणि दुसऱ्याच्या वाटीवर डोळा.
मी रजिस्टरात नाव उतरवलं, तारखेसमोर.
मागची ओळ तशीच राहिली: अडतीस, आणि पुढे माझी सही.

कॉन्सोलाटानं कागदाची घडी लेसोच्या टोकाला बांधली.
"त्या रात्री कळलं नव्हतं ना तुम्हाला?"
मी म्हणाले, नाही.
तिनं मान हलवली,
आणि ओविटीच्या बोटावरचे दोन काळे ठिपके
अंगठ्यानं चोळत बसली,
जातायत का बघत.